जोकीमच्या जागेवर

बुदैया, बहरीन
१४ फेब्रुवारी १९७८

नाही आई, "बाबांच्या जागेवर नोकरी मिळाली, नशीब समज," हे तू आता पुन्हा लिहू नकोस.

तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. धाकट्या आयरीनचा ताप उतरला का?

हा पब म्हणजे खजुरीच्या बागेतली एक बुटकी खोली. चाळीस वर्षांपूर्वी एका साहेबानं विलायतेहून लाकूड आणून बांधली. तेव्हापासून इथलं काहीही बदलायचं नाही, असा नियम. बाक तेच, दिवे तेच. मला एप्रनही बाबांचाच दिलाय.

काल एक म्हातारा साहेब बऱ्याच वर्षांनी आला. म्हणाला, "जोकीम, बारीक झालास. माझं नेहमीचं दे."

मी सांगणार होतो, जोकीम माझे वडील, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पण तेवढ्यात माझ्या हातांनी रममध्ये गरम पाणी ओतलं, दोन लवंगा टाकल्या. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"अगदी तसंच," तो म्हणाला.

"थँक्यू सर," मी म्हणालो. आवाज बाबांचा होता. कुणीच वळून बघितलं नाही, आई.

आज सकाळी मालकाकडे त्यानं ठेवून घेतलेला माझा पासपोर्ट मागितला. त्यानं हसत दिला. म्हणाला, "जोकीम पण दर वर्षी मागायचा. संध्याकाळी स्वतःच परत आणून द्यायचा."

संध्याकाळच्या आत मला विमानात बसायचंय. या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस; मी इथे राहिलोच, तर ते जोकीम उघडेल.

टॅक्सी आलीय. निघालो.

तुझा,
व्हॅलेरियन