नाव माझं, परीक्षा लेकीची

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत. लाज तेवढी गेली.

तुला ठाऊकच आहे, त्या मोठ्या प्रवेश परीक्षेत आमच्या लेकीचे हातपाय गार पडले आणि अर्धा पेपर कोरा राहिला. आठ दिवस पोरगी धड जेवली नाही. मग कळलं की कॉलेजला त्याऐवजी दुसरी एक परीक्षाही चालते, पाठांतरापेक्षा डोकं तपासणारी. फॉर्म मी भरला. (इथंच घोडं पेंड खातं.) आपल्या शिवणकामाच्या दुकानात पावतीवर नाव असतं कापड आणून देणाऱ्याचं, मग कपडा कोणी का घालेना. त्याच सवयीनं वर माझं नाव, माझा फोटो आणि खाली 'इतर माहिती'त लेकीचं नाव, उंचीसकट.

हे उघड झालं ऐन परीक्षेच्या दारात. तिथल्या बाई म्हणाल्या, ज्याचा फोटो तोच बसणार. मुलीला पुढच्या रविवारची फेरी मिळेल, पण ती शेवटची. मी परत फिरलो, तर लेकीनं हात धरला. म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन बघा ना. धड बाहेर आलात तर मी बसेन."

बसलो, करतो काय. (गळ्यातली टेप तेवढी काढून घेतली. मापं घेऊन कॉपी करणार होतो जणू.) एका प्रश्नात कापडातून सहा तुकडे कापून किती उरेल, असं होतं. मी शिलाईपुरतं कापड सोडून हिशेब केला, तर ते उत्तर चारही पर्यायांत नाही. पर्यवेक्षकांना बोलावून सांगितलं, असं कापलं तर सदरा काखेत उसवेल. त्यांनी मला खांदा दाबून खाली बसवलं. पुढे उतारा आणि प्रश्न, लेखकाला नेमकं काय हवं आहे? अगं, तीस वर्षांत मला गिऱ्हाइकाला काय हवं ते कळलं नाही.

हे सगळं ऐकून पोरगी पोट धरून हसली, कित्येक महिन्यांनी. रविवारी हसतच आत गेली. तुझी भावजय मात्र माझ्याशी अजून बोलत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. लेकीला प्रवेश मिळाला. प्रवेशाचं पत्र वाचताना मी रडलो, हे तिला कळवू नकोस.

आणखी ता. क. पत्रं दोन आली आहेत. वयाची अट नाही म्हणे. तू जन्मभर गणित शिकवलंस, ती पुस्तकं लगेच पाठव. पार्सलवर नाव मात्र लेकीचंच घाल.