मी निवडलेल्या फळ्या

४ ऑक्टोबर
बाबांचं घर जाळलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं घर जाळतातच, माहीत होतं. तरी फळ्या तडतडायला लागल्या तेव्हा बघवेना. फान्त्सिओलोत्सच्या, आमच्या रानातल्या काटेरी झाडाच्या फळ्या, बाबांनी स्वतः तोडलेल्या. आता आई आणि मी काकांच्या स्वयंपाकघरात. पाय लांब करायला जागा नाही!

५ ऑक्टोबर
तोलान्यारो शहरात, रोपांच्या नर्सरीत माझी नोकरी पक्की आहे. महिनाअखेरपर्यंतच जागा ठेवतील. काकांना विचारलं. "आधी नवं घर उभं राहू दे, फांझा. मग जा. तुला झाडं कळतात ना? फळ्यांसाठी झाडं निवडून दाखव मग!"
नवं घर आईसाठीच असणार. दाखवते की!

९ ऑक्टोबर
पान नाही एकही. नुसते काटे, सरळ आभाळात! काय झाडं आहेत ही! काकांचा दोस्त रेमारो कुऱ्हाड घेऊन आला होता. दोन बायका आहेत, तरी नुसता मिरवतो.
"मास्तरीणबाई, हे चालेल?"
"छे! पोकळ आहे. वाजवून बघा."
"बायकांपेक्षा हिचीच कटकट जास्त!"
सगळे पोट धरून हसले. एवढं काय हसायचं?
एकदम परफेक्ट बुंधे निवडले, जुने, सरळ. तोडताना वाईट वाटलं. शेंडे मातीत खोचून आले. जगतात ते.

१६ ऑक्टोबर
बोटं काट्यांनी भरलीत. काकू सुईने काढतात आणि गालातल्या गालात हसतात.

२१ ऑक्टोबर
घर झालं. रेमारोची माणसं गुरं घेऊन आली. काका म्हणाले, "बस आत. तुझंच घर."
माझं?
"रेमारोने बांधलंय. गुरंही दिलीत. तिसऱ्या बायकोला घर नको?"
"पण तुम्ही म्हणालात, घर झालं की जा —"
"जा की! नवऱ्याला विचारून."
काकू दाराबाहेर राखणीला. फळी न् फळी मी निवडलेली. फटीतून बोट जात नाही. आई बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. दाणे!

२३ ऑक्टोबर
तोलान्यारोच्या ट्रकमध्ये लिहितेय, अक्षर उड्या मारतंय. सकाळी आई चटई, मडकी, दोन कोंबड्या घेऊन नव्या घरात शिरली, मला बाहेर ढकललं आणि आतून अडसर घातला. काका ओरडले, "वहिनी, बाहेर या!" ती आतून, "विधवेला घर नको का, भाऊजी? काढा ओढून, सगळ्या गावासमोर!" सगळं गाव दाराशी धावलं. काकूसुद्धा. मी रस्त्याकडे पळाले.
आई अजून आतच असेल.