आप्पांची हनुवटी

तीर्थस्वरूप भावोजी यांच्या सेवेशी, धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आपली कंबर कशी आहे? ताईकडून कळलं की ती पुन्हा धरली आहे. (कंबर, ताई नव्हे.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर ताई मध्येच हसत सुटते आणि मुद्दा राहून जातो. शिवाय विषय आपल्या चेहऱ्याचा आहे, तेव्हा आपण आधी टेकून बसावं.

आईची नजर दिवसेंदिवस मंदावते आहे, हे आपण जाणताच. डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलं, की पुढे फार तर उजेड-अंधार कळेल. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला म्हणाली, की तू जगाचे चेहरे दगडात कोरतोस, तर ह्यांचाही एक कोरून दे, म्हणजे मला हात लावून बघता येईल. भावोजी, आप्पा गेल्यापासून तिने प्रथमच काही मागितलं. दुसऱ्याच दिवशी बारीक कणाचा, हाताला मऊ लागेल असा दगड निवडून आणला.

आता प्रश्न नमुन्याचा. घरातले सगळे फोटो संगणकात, आणि संगणक मी हौसेने कारखान्यात नेऊन ठेवलेला (बायको नको म्हणत होती, हे तिच्या आग्रहावरून नमूद करतो). दगडाची भुकटी खाऊन खाऊन त्याने मान टाकली. पण घरात लेक आहे ना, आपली भाची. तिच्या ऑफिसात बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या हरवलेल्या फायली कोरून काढतात. (तेही स्वतःला कोरीव कामवालेच म्हणवतात. म्हणोत बापडे. आमची ही कलिंगडावर गुलाब कोरते, तिलाही मी कारागीर म्हणतोच. न म्हणून सांगतो कुणाला?) कुठला फोटो कुठे आहे, ही खूण पुसली गेली तरी तुकडे आत पडलेले असतात म्हणे. फोटोचं तोंड ओळखायचं, शेपूट ओळखायचं आणि मधला ऐवज उचलायचा. मधे कुणाचा तुकडा कुणाला चिकटेल ते सांगता येत नाही, नीट बघून घ्या, असंही ती म्हणाली होती. मी तेव्हा दगडावर पाणी मारत होतो.

आप्पांचा एकच फोटो हाती लागला. आपल्याकडच्या अंगणातला, खुर्चीवर बसलेले, पांढरा सदरा. नाकाखालून आडवी एक बारीक रेघ होती, ती मला घडी वाटली. (संगणकातल्या फोटोला घडी कशी पडेल, हा प्रश्न मला आता पडतो.) हनुवटी जरा भरल्यासारखी दिसली, दुपदरी म्हणा ना. पण आप्पांनीच शिकवलेला नियम आहे, नमुना समोर असताना आठवण मधे आणायची नाही. आठवण माणसाला उगाच देखणं करते. म्हटलं, वयाने अंग धरलं असेल. आणि सांगतो भावोजी, त्या हनुवटीवर मी जीव ओतला. तिच्या दोन पदरांमधली घडी इतकी मऊ उतरली, की शेजारचा सुतार बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोलाही घेऊन आला.

मग आईला आणून बसवलं. तिने कपाळावरून हात फिरवला, भुवया चाचपल्या, नाकाशी ती जरा रेंगाळली. हात आणखी खाली आला आणि थांबला.

"कपाळ ह्यांचं, नाक ह्यांचं," ती म्हणाली, "पण खाली जावईबापू कधी येऊन बसले?"

त्या दिवशी आप्पा उठल्यावर त्याच खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यात आपण बसला होतात आणि पुढचा फोटो आपला निघाला होता, हे मग सगळ्यांना आठवलं. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं होतं असं मला वाटत नाही.

दगडाला काही जोडता येत नाही, काढता मात्र येतं. त्यामुळे आपले उपकार मानावे तेवढे थोडेच. आपली हनुवटी ऐसपैस असल्यामुळे आप्पांची तिच्या आत सुखरूप आहे. फक्त ती नेमकी कुठे आहे, हे कळायला हवं. मला ती चौकोनी आठवते, हिला टोकदार. हिने एक भोपळा घेऊन त्यावर कोरूनही दाखवली. त्यावरून वाद झाला, आणि शेवटी ती हनुवटी फोडणीत गेली.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आपल्या कंबरेला विश्रांती.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. आप्पांची हनुवटी, खळीसकट, जशीच्या तशी ताईकडे आली आहे, हे आपण रोज बघता. फोटो पाठवू नये, फोटोंवरचा माझा विश्वास उडाला आहे. ताईलाच पाठवावं. तिचं निघायचं ठरलं की आपली कंबर धरते, हे आमच्या ध्यानात आलेलं आहे. चहा करायला कंबर लागत नाही.

आणखी ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं पाल्हाळ कशाला? तिने सांगितलेलं तसंच लिहितो: "दगड तसाच राहिला तरी चालेल. अजून थोडं दिसतंय, तोवर मला माझी लेक बघायची आहे. आणि जावईबापूंनाही आण म्हणावं. तू कोरलीस ती हनुवटी हुबेहूब आहे का, ते एकदा चाचपून बघते."