चौकात वाट कोणाची

नागपूर, ता. ५ ऑगस्ट १९७४

ती. सौ. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या धाकट्या बंधूविरुद्ध मी तुझ्यापुढे रीतसर फिर्याद दाखल करीत आहे. गुरुवारी मी शाळेला निघालो असता लक्ष्मीभुवन चौकात चि. मधुसूदनाने आपली नवी फियाट माझ्या सायकलीवर आणली आणि वर हॉर्न वाजवला. थोरल्या भावाला, त्यातून संस्कृतच्या मास्तराला, हॉर्न. चौकात मी आधी शिरलो होतो. वाट माझी होती.

गाडी चांगली आहे, नाही म्हणत नाही. दुधी रंग, मऊ गाद्या. आमच्या सौ. प्रमोदिनीस तिची दारे लागल्याचा आवाजसुद्धा आवडतो. माझ्या सायकलीला दारे नाहीत. माझ्या कॅरिअरवर बसून सारी शाळा शिकलेली आमची सुभद्रा हल्ली काकाशेजारी बसून कॉलेजात जाते. त्या दिवशीही आत तीच होती. मी रस्त्यात उभा, आणि ती काकाचा दंड धरून बसलेली. हे मला हॉर्नपेक्षा जास्त लागले.

निकाल लवकर दे. तुझी माया दोघांवर सारखीच असणार. तरी मोटारवाल्याचा वाटा थोडा कमी करावा, ही विनंती.

तुझा
विश्वनाथ

खापा, ता. १० ऑगस्ट

चि. विश्वनाथास अनेक आशीर्वाद.

काहून भांडून राहिलास गा? मुंजीत मधूचा कोट तुझ्याहून चांगला शिवला म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. अजून तसाच आहेस.

मधूचंही पत्र आलं. तो म्हणतो, तो उजवीकडून येत होता, वाट त्याची होती. पण ते जाऊ दे. त्यानं तीनदा हॉर्न दिला, करकचून ब्रेक मारला, तेव्हा गाडी वीतभरावर थांबली. पोरीनं घाबरून त्याचा दंड धरला. त्याच्या पत्राखाली सुभद्रेनं मले लिहिलेलं जसंच्या तसं देते: “आत्या, बाबांनी आमच्याकडे बघितलं आणि तरी सायकल पुढे आणली. असं आधी दोनदा झालं, तेव्हा मी मागे बसले होते. म्हणून मीच काकांना म्हटलं, मला नेत जा.”

गाडीवर खुशाल जळ. पण ती तुले दिसली काहून नाही, ते लिही. तुले माझी शपथ.

शोभा

नागपूर, ता. १४ ऑगस्ट

ती. सौ. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फिर्याद मागे घेतो. वाट मधूची होती.

गाडी मला दिसलीच नाही. होळीपासून उजव्या डोळ्याला कडेचे दिसत नाही. वर्गात त्या बाजूची मुले हात वर करतात, तो मला दिसत नाही, आणि मी त्यांना मठ्ठ म्हणतो. घरी कोणाला सांगितले नव्हते. सुभद्रा गाद्यांना भुलली असे धरून कॉलेज उघडल्यापासून मी मधूचा हेवा केला. सोयीचे होते ते. जळत असलो की डोळ्याची आठवण होत नसे.

काल त्याच्याकडे जाऊन सांगितले. तो तसाच गाडीची किल्ली घेऊन उठला, मला डॉक्टरांकडे न्यायला. मला त्या उठण्याचाही हेवा वाटला. डॉक्टरांनी शनिवारी पुन्हा बोलावले आहे. दुसरा डोळाही तपासायचा म्हणतात.

जमले तर तू ये. ताई, मला आंधळा होण्याची फार भीती वाटते.

विश्वनाथ