गळका नळ आणि खालच्या आजी

आई, बाथटबचा नळ गळायचा थांबला. गरम आणि थंड, दोन्ही बाजूंचे झिजलेले व्हॉल्व्ह मी स्वतः बदलले. तुला हे फुशारकीने सांगायला हवं होतं, पण हल्ली जिन्यात खालच्या आजींची पावलं वाजली की मी लाजून दाराआड थांबते.

त्या शनिवारी हे कामासाठी हॅम्बुर्गला गेले होते. प्लंबर बोलवायचा तर आधी घरमालकाला विचारा, मग टेर्मिनची, म्हणजे अपॉइंटमेंटची, वाट बघा. मी इंजिनियर, म्हटलं त्यात काय एवढं! बाउमार्क्ट या हार्डवेअरच्या दुकानातून नवे व्हॉल्व्ह आणले, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा कॉक बंद केला आणि त्यानेच सगळ्या घराचं पाणी बंद झालं असं धरून चालले. पाना फिरवला, जुना व्हॉल्व्ह सुटला आणि गरम पाण्याचा फवारा थेट भिंतीवर. टॉवेल दाबून धरला तरी पाणी थांबेना. बघता बघता जमिनीवर तळं झालं.

खाली एक जर्मन आजी एकट्याच राहतात. त्यांच्या छतातून पाणी टपकायला लागलं तशा त्या काठी टेकत वर आल्या, मला बघितलं आणि खाली तळघरात जाऊन मेन कॉक बंद करून आल्या. परत आल्यावर धापा टाकत विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "नळ आपोआपच फुटला."

तुझी नात दारात उभी होती. "नाइन, नाही, आईनेच उघडला," ती त्यांना जर्मनमध्ये म्हणाली. आजींनी माझ्याकडे बघितलं. "आल्झो, बरं, जुने नळ असेच असतात," म्हणाल्या आणि माझ्या हातातला ओला टॉवेल घेऊन मोरीत पिळायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा तू आठवलीस. शाळेत तू शिकवते आहेस आणि मी तुझ्याच वर्गात आहे, तिसऱ्या बाकावर. परीक्षेत कॉपी केली म्हणून आदल्या दिवशी तू एका मुलीला बाहेर उभं केलं होतंस. आज सगळ्या वर्गासमोर तू तिला म्हणतेस, "माझी चूक झाली, बाळा. तू कॉपी केली नव्हतीस." मुख्याध्यापक खिडकीत उभे आहेत. मला वाटतंय, माझी आई गप्प का बसत नाही? त्या दिवशी मी मुद्दाम तुझ्या मागे राहून घरी आले. तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता विचारलंस, "लाज वाटली ना माझी? मलाही वाटत होती. म्हणून काय त्या पोरीला तसंच राहू द्यायचं?"

नळ फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खालच्या आजींकडे गेले, खरं सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाल्या, आणि मला कॉफी दिली. छत वाळल्यावर मी आणि ह्यांनी मिळून ते रंगवून दिलं.

पण आई, एक राहिलंच. त्या शनिवारी आजी खाली गेल्यावर मी दार लावलं आणि पोरीवर ओरडले, "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, किती वेळा सांगितलंय!" ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आता ती शेजारच्या खोलीत चित्र काढतेय. तिच्याशी बोलायला दोन वाक्यं पुरतील. ती सोडून मी तुला एवढं लांबलचक लिहीत बसले आहे.