खडू म्हणालो ती गोळी

आई, तुझ्या उपासांबद्दल लिहायचंय. आधी तू फक्त सोमवार धरायचीस. मग गुरुवार आला, शनिवार आला, शेवटी शेवटी मंगळवारही. मी तुझी टिंगल करायचो, "आई, एवढे देव सांभाळायला तुला सेक्रेटरी ठेवायला हवा." तू हसायचीस आणि सुकटीची पाटी उचलून पनवेलच्या बाजाराला निघायचीस. तेव्हा मी औषध कंपनीचा एमआर होतो. गळ्यात टाय, हातात काळी बॅग, डॉक्टरांच्या दारात तासन्‌तास उभा. पण गावात आलो की माझ्याएवढा शहाणा कोणी नाही. कोणाला काय झालं, कुठली गोळी घ्यावी, सगळे मलाच विचारायचे आणि मला ते फार आवडायचं.

तो दिवस आठवला की आजही मान खाली जाते. तू ओट्यावर बसली आहेस, शेजारच्या दोघी आहेत. पदराच्या गाठीतून तू गोळ्यांचा पत्ता काढतेस. "बग, बीपीची गोली. पाव पैशात भेटली. नाव येगलं हाय, पन औषध तेच हाय बोलला दुकानवाला." तू एवढी खूश आहेस, जणू बाजारात मोठा सौदा मारून आली आहेस. आणि मी तो पत्ता तुझ्या हातातून घेऊन कचऱ्यात टाकतो. "खडू आहे हा, खडू! एमआरची आई असली गोळी खाणार?" शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघतात. तू एवढंच म्हणतेस, "तुला ठावं असंल."

मला ठाऊक होतं, आई. औषध तेच असतं, ट्रेनिंगमध्येच कळलं होतं. खोक्यावरच्या नावाचे पैसे जास्त, आणि त्यातच माझा पगारही आला. पण त्या दोघींसमोर माझ्या टायची अब्रू मला तुझ्या जिवापेक्षा मोठी वाटली. आणि महागडी गोळी घ्यायला सांगून तिचे पैसे कोण देणार, हे विचारायचंही मला सुचलं नाही. तूही मागितले नाहीस. नव्या फ्लॅटचे हप्ते चालू होते ना माझे.

तुला लकवा मारला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेत होत्या?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. तू गेल्यावर दहाव्याला तुझ्या शेजारी मासळी विकणारी मावशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "उपासाच्या दिशी तुजी आय गोली नाय घ्यायची रे. पत्ता म्हयनाभर पुरवायचा बोलायची. मी बोलले, सस्तीवाली घे. तं बोलली, माजा पोर त्याच लायनीत हाय, तो खोटा नाय बोलनार."

आई, मी खोटं बोललो होतो. हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

आता बीपी मलाही आहे. एमआरची नोकरी केव्हाच सुटली, आणि मी स्टँडजवळच्या जेनेरिकच्या दुकानातून तीच स्वस्त गोळी आणतो. रोज घेतो, बीपी ठीक आहे. परवा तुझ्या सुनेने पत्ता उलटसुलट करून पाहिला. "ही चालते?" मी म्हटलं, "चालते, औषध तेच आहे." तिने पत्ता खाली ठेवला. "मग आईंना का नाही दिली?"

मी म्हटलं, तेव्हा मिळत नव्हती.