पेडगावचा तिसावा फॉर्म

आदरणीय मामांना,

मानवतहून सुकेशनीचा सप्रेम जय भीम. गुडघा जिना चढू देतो का आणि मामी चहात साखर घालू देते का, दोन्ही कळवावे. मी ठीक आहे (म्हणजे काल दुपारपर्यंत होते).

शाळेतली कारकुनी सांभाळून मी एम.एस.डब्ल्यू. करते, त्यात सर्वेक्षणाचे तीस फॉर्म सोमवारी दिले नाहीत तर वर्ष गेलं. गाव मीच निवडलं, पेडगाव, आणि तेही ऐन ऊसतोडीच्या दिवसांत. तेव्हा माणसं कारखान्यावर गेलेली असतात हे शेंबडं पोरही सांगेल. समाजकार्याच्या विद्यार्थिनीला सुचलं नाही. तीस घरांच्या आळीत भर दुपारी ओळीने कुलपं. कुत्रंही भुंकेना.

शेवटच्या ओट्यावर तेवढी एक म्हातारी, गोजरबाई. जाणारे लोक चाव्या तिच्याकडे ठेवतात म्हणे. पदराला हा एवढा जुडगा. म्हणाली, सगळ्यांचं मीच सांगते. ज्याचं घर त्यानेच सांगावं असा नियम आहे, पण मी (आपल्या घराण्याचा आळस) तिथेच बसकण मारली. एकोणतीस घरांची माणसं, शेळ्या, कोणत्या सुनेला कितवा महिना, सगळं तिने सांगितलं आणि प्रत्येक फॉर्मवर अंगठा दिला. अंगठा फार गार लागला. सावलीत बसून झाला असेल असं वाटलं.

काल कॉलेजचे सर म्हणाले, फोनवर खातरजमा करा. म्हणून गावच्या ऊसतोड टोळीचा मुकादम बजरंग, त्याला फोन लावला. शेळ्यांसकट सगळं बरोबर निघालं. त्याच्या सुनेला दिवस गेल्याचं तर त्याला स्वतःला परवा कळलेलं, आणि माझा फॉर्म दहा दिवसांपूर्वीचा. कुणी सांगितलं, त्याने विचारलं. मी नाव घेतलं. त्याने ते पुन्हा विचारून घेतलं.

"ताई, म्हातारी चार वर्सं झाले इकडं फडातच वारली. तवापासून चाव्या आमी संगं आणतो."

मी लगेच फॉर्म काढून पाहिले. ठसे आहेत, मामा. एकोणतीसच्या एकोणतीस, निळे, ठळक.

तुमची भाची,
सुकेशनी

ता. क. भूत नसतं यावर तुम्ही दर जयंतीला पाऊण तास बोलता. या रविवारी पेडगावला माझ्यासोबत येऊन तेच बोलावे. एक फॉर्म कमी आहे.

आणखी ता. क. तिसावं घर तिचंच. एसटी चुकेल म्हणून मी उठले तेव्हा ती म्हणाली, "समद्यांचं लिवलंस बाई, माझं न्हाई ईचारलंस." परत येते म्हटलं, तर म्हणाली, "हाय की मी हितंच." मामा, मला भीती वाटतेच, पण त्याहून जास्त वाईट वाटतंय. फक्त फॉर्मवर पहिलाच रकाना 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' असा आहे. शून्य लिहू की एक, तेवढं ठरवून या.